दाराला लावलेली खुर्ची

३ सप्टेंबर १९७४, मंगळवार

पहिला दिवस पार पडला. नाकात अजून ओल्या रंगाचा वास आहे. सगळी इमारत म्हणे आमच्यासाठी रंगवली. आमच्यासाठी म्हणजे बसमधून येणाऱ्यांसाठी. पाइन बॉटमची, आपल्या काळ्यांच्या वस्तीतली जुनी शाळा बंद झाली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आणि आपल्या मुलांना आता पिवळी बस गावाच्या या टोकाला, गोऱ्यांच्या शाळेत आणून सोडते. मुलं आणली, शिक्षकांना मात्र घेतलं नाही. जुन्या शाळेतल्या शिक्षिकांपैकी कुणी दुकानात मोजे विकते, कुणी व्हर्जिनियाला भावाकडे गेली. मला तेवढं ठेवून घेतलं. दुसरीचा वर्ग दिला आहे; अर्धी मुलं गोरी, अर्धी आपली.

मुख्याध्यापक मिस्टर हॅस्केट भला माणूस आहे. स्वतः दार उघडून वर्ग दाखवला. म्हणाले, "मिस पेटिफर्ड, फोनवर तुमचं बोलणं ऐकून कुणाला कळणारसुद्धा नाही." मी आभार मानले. घरी बूट काढताना मनात आलं, काय कळणार नाही? मग म्हणाले, "तुम्ही आमचा पूल आहात." पुलावरून लोक चालतात, हे मी बोलले नाही. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी तोंड आवरायला हवं.

माझा बेत ठरला आहे. रोज सकाळी प्रत्येक मुलानं आपल्या घरच्या बोलीत काहीतरी सांगायचं. मध्ये कुणी टोकायचं नाही. मग तेच आपण सगळे मिळून शाळेच्या भाषेत म्हणून बघायचं. मला दोन्ही येतात, तर या मुलांना का येऊ नयेत?

१४ सप्टेंबर, शनिवार

शनिवार म्हणजे केस, आणि केस म्हणजे एरलीन कोझार्टचं स्वयंपाकघर. जुन्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी कॉलेजात जाऊन भाषा घासूनपुसून आले. ती तंबाखूच्या फॅक्टरीत रात्रपाळीला लागली आणि शनिवारी बायकांचे केस सरळ करू लागली. शेगडीवर लोखंडी फणी तापत असते, तेलाचा आणि जरा करपल्याचा वास असतो, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत असतात. तिची वोनेटा यंदा माझ्या वर्गात आहे. शाळेत अजून तिच्या तोंडून एक शब्द फुटलेला नाही. इथे मात्र तिची टकळी थांबेल तर शपथ.

आज माझं अर्धं डोकं सरळ आणि अर्धं उभं असताना जाळीच्या दारात मिसेस डनलॅप. ही जिल्हा कचेरीची बाई. कुणाच्या घरात मुलं नीट ठेवली आहेत, कुणाच्या नाहीत, ते बघत फिरते आणि मनात आलं तर मुलं उचलून नेते. दार वाजलं आणि स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. कुणी कुणाला खूण केली नाही. वोनेटा अर्ध्या शब्दावर थांबली. तिचा धाकटा भाऊ पीनट, तीन वर्षांचा, तोसुद्धा थांबला.

"शेजारच्या मुलांना ओळखता तुम्ही?"

"होय बाई."

"त्यांची आई दिवसभर घरी असते का?"

"ते मला सांगता येणार नाही, बाई."

एरलीन इतकं स्वच्छ बोलू शकते हे मी विसरलेच होते. मीही मांडीवर हात ठेवून नजर खाली घालून बसले, सवयच ती. बाईनं शेगडीवरच्या भांड्यात डोकावलं, दोन बोटांनी पडदा बाजूला केला आणि गेली.

तिची गाडी वळली तशी वोनेटा स्टुलावर चढली. माझी पर्स पोटाशी धरली, ओठ आवळले आणि म्हणाली, "मिसेस कोझार्ट, हे भांडं तुम्ही रोज घासता का हो?" आवाज, मान, सगळं हुबेहूब तेच. हसता हसता एरलीनच्या हातातली फणी माझ्या कानाला टेकली.

"हलू नगंस गं डेसा! कान हातात ऱ्हाईल माज्या!"

पोरगी नकला छान करते. वर्गात हिला बोलतं करायचंच.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळच्या गोष्टी रंगायला लागल्या आहेत. गोऱ्या मुलांची गोष्ट म्हणजे नवी सायकल, ती लाल आहे, बाबांनी आणली, संपलं. आपल्या मुलांची गोष्ट मामाच्या ट्रकपासून निघते, वाटेत चर्चमध्ये थांबते, कुणाची तरी पडलेली दाढ उचलते आणि शेवटी पुन्हा ट्रकपाशी येते. लेमुएल सटन यात उस्ताद होता.

होता म्हणायचं कारण तो आता खालच्या वर्गात गेला. तळघरात, बॉयलरच्या खोलीशेजारी, मंद मुलांसाठी खास वर्ग काढला आहे. कुणाला खाली पाठवायचं ते ठरवायला मिस थॉर्नली म्हणून एक तरुण बाई आहेत, त्या चित्रं आणि वस्तू दाखवून परीक्षा घेतात. अतिशय गोड स्वभाव. मला एक रोपटं आणून दिलं टेबलावर ठेवायला. म्हणाल्या, "खाली मुलांना ताण नसतो. मणी आहेत, खेळणी आहेत." मी अजून खाली गेले नाही. लेमुएलची आई बसपाशी विचारत होती, पोरगा वर कधी येणार. मी मिस थॉर्नलींना विचारलं.

"वर?" त्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "बघू."

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज वोनेटाची परीक्षा. मला कोपऱ्यात बसू दिलं, तेही हलायचं नाही या अटीवर.

मिस थॉर्नलींनी लाल चेंडू उचलला. "वोनेटा, हे काय आहे?"

वोनेटानं चेंडूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग दाराकडे.

"सांग बाळ, याला काय म्हणतात?"

मग कप दाखवला, मग घड्याळ. प्रत्येक वेळी पोरीची मान आणखी खाली. बूट दाखवला तेव्हा तिनं स्वतःचे पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. मला उठून तिला कुशीत घ्यावंसं वाटलं. अट पाळली.

"बिचारीपाशी भाषाच नाही," मिस थॉर्नली नंतर म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी म्हटलं, घरी ही मुलगी ऐकत नाही इतकी बोलते. त्या म्हणाल्या, "घरी सगळेच बोलतात, मिस पेटिफर्ड."

नोव्हेंबरात बैठक आहे. वोनेटा वर राहणार की खाली जाणार, ते तेव्हा ठरेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

डोकं एरलीनच्या हातात देऊन मी वोनेटाला विचारलं, "का गं, बोलली का नाहीस? चेंडू कळला नाही?"

"कळला की, डेसामावशी. चेंडूच व्हता."

"मग?"

"मंग तिला दिसत न्हवता व्हय? तिच्याच हातात व्हता!"

बायका फुटल्या. एरलीन म्हणाली, "अगं डेसा, आपल्यात मोठं मानूस ठाऊक असलेलं कवा इचारतं? 'साखर कुनी सांडली?' असं माय म्हनली की समजायचं, तिला सगळं ठाऊक हाय आन मागं छडी हाय. तवा तोंड उगडलं की मेलास."

"म्या बूट न्हाई चोरला," वोनेटा मधेच म्हणाली. "माजेच हायत ह्ये."

मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझी आईसुद्धा अशीच विचारायची, आणि मी अशीच भिंतीकडे बघत उभी राहायची. इतकी साधी गोष्ट मला कोपऱ्यात बसून कळू नये! कॉलेजानं माझ्या डोक्यातून काय काय काढून टाकलं कुणास ठाऊक. जाऊ दे, आता कळलं ना. मंगळवारी मिस थॉर्नलींना सांगते, एका मिनिटात प्रश्न मिटेल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "किती मजेशीर! म्हणजे घरी मुलांना कुणी प्रश्नच विचारत नाही." मी म्हटलं, तसं नाही, ज्याचं उत्तर माहीत नाही ते सगळं विचारतात, आणि मुलं भरभरून सांगतात. त्या म्हणाल्या, "पण परीक्षा तर सगळ्यांना एकच असते ना?"

मी वर्गात परत आले. रात्रभर उत्तरं सुचत राहिली.

मग मनात आलं, आपण वाद कशाला घालायचा? यांनी वोनेटाला एकदा ऐकलं की झालं. शाळेच्या कपाटात टेपरेकॉर्डर पडून आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. टेपरेकॉर्डर एरलीनच्या टेबलावर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. एरलीनला तो मुळीच आवडला नाही.

"कुटं ऐकवनार हायस ह्ये?"

"बैठकीत. चार लोक असतील. आपल्या शाळेत."

"तुज्या शाळेत," ती म्हणाली. "घरातलं बोलनं घरात ऱ्हावं, डेसा. तुला म्या सांगाया पायजे का?"

मी म्हटलं, पोरगी तळघरात जाऊन मणी ओवत बसलेली चालेल का तुला? मी आहे ना बैठकीत. माझ्यावर भरवसा नाही का? ती बराच वेळ फणी फडक्यावर पुसत राहिली. मग म्हणाली, "तुज्यावर हाय." मी बटण दाबलं.

आणि वोनेटानं ती कुत्र्याची गोष्ट सांगितली! पुन्हा पुन्हा लावून इथे उतरवून घेते आहे, पोरीच्या शब्दांत:

"ते कोपऱ्यावरचं कुत्रं हाय ना, एका कानाचं? त्याचा दुसरा कान कुनी खाल्ला त्ये येगळं हाय, त्ये मंग सांगते. तर माय गेलती फ्याक्टरीत, रातपाळीला. आन म्या आतनं दाराला खुर्ची लावलीवती, माय सांगती तशी, मुठीच्या खाली, तिरकी. आन पीनट झोपलावता त्वांड उगडं टाकून. आन त्या दिशी आमच्यात मासं तळलंवतं. तर खिडकीत खर्र खर्र." ("मंग?" सगळ्या बायका.) "मंग म्या म्हनलं, कोन हाय? तर कोन बी न्हाई. आन परत खर्र! म्या झाडू घेतला. पीनटवर पांगरून टाकलं, म्हनलं आधी मला खा, मंग त्याला." ("खरं बोल!") "खरंच! आन पडदा असा केला, तर एकच कान!" ("आगं बया!") "म्या म्हनलं, कुत्र्या, तुला लाज हाय का, माय घरात न्हाई आन तू जेवाया आलास! तर त्यानं माज्याकडं बगितलं, आन माश्याकडं बगितलं. आन म्या झाडू उगारला, आन त्यानं मासा उचलला, आन म्होरं त्यो आन मागं म्या, टेबलाखालनं, खाटंवरनं, आन पीनट उटून म्हनतोय, माय आली? माय आली?"

मी हसून लोळायची बाकी होते. सात वर्षांची पोर! भावाला पांघरूण घालून आधी मला खा म्हणते! हे ऐकून कोण म्हणेल हिच्यापाशी भाषा नाही?

एरलीन तेवढी हसली नाही. म्हणाली, "ती खुर्ची काडून टाकता येतीया का, त्या यंत्रातनं?" मी म्हटलं, वेडी आहेस का, सगळी मजा त्या खुर्चीपासून तर सुरू होते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

टेप मिस थॉर्नलींच्या स्वाधीन केली. त्यांनी माझा हात हातात घेतला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कसं लिहू कळत नाही. क्रमानं लिहिते.

बैठकीला हॅस्केट, मिस थॉर्नली आणि जिल्हा कचेरीतले दोघे. टेप लावली. मी त्यांचे चेहरे बघत होते, आता हसतील, आता हसतील म्हणून. पीनटच्या पांघरुणावर कुणी हसलं नाही. कुत्र्याच्या कानावरही नाही. फक्त करड्या कोटातला एक माणूस एके ठिकाणी म्हणाला, "जरा मागे घ्या." दाराला खुर्ची लावण्याची जागा होती ती. त्यानं ती दोनदा ऐकली. मला वाटलं, चला, एकाला तरी गोडी लागली.

संपल्यावर मिस थॉर्नली म्हणाल्या, "सुरुवात नाही, शेवट नाही, आणि एक वाक्य सरळ नाही. आधी आपल्याला वाटत होतं, मुलीपाशी भाषाच नाही. आता खात्री झाली की आहे ती मोडकी आहे. मिस पेटिफर्ड, तुमचे खरंच आभार. याशिवाय निर्णय अवघड गेला असता."

मी उभी राहिले. म्हटलं, ती मोडकी नाही. तिला तिचे नियम आहेत, त्या पोरीनं एक नियम चुकवलेला नाही. मी स्वतः तिच्या वयाची असताना असंच बोलत होते.

हॅस्केट मायेनं म्हणाले, "पण तुम्ही त्यातून बाहेर पडलात ना."

आणि मी खाली बसले. इथे खोटं कशाला लिहू, ऐकून क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग त्याचीच शरम वाटली. एक डिसेंबरनंतर वोनेटा खाली. टेप मागितली तर करड्या कोटवाला म्हणाला, "ती राहू द्या आमच्याकडे."

एरलीनला फोनवर सांगितलं, खाली जावं लागेल पण थोडेच दिवस, मी बघते. ती म्हणाली, "बरं."

१ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये एरलीन माझ्या बाकावर बसली नाही. प्रार्थना सुटल्यावर पायऱ्यांवर गाठलं तिला. पीनट तिच्या कडेवर होता.

"ती डनलॅप आलती," ती म्हणाली. "बुधवारी. आत आली. भांड्यात न्हाई बगितलं, बिछान्यात न्हाई बगितलं. नीट दाराशी गेली, खुर्ची उचलली आन लावून बगितली, मुठीच्या खाली. तिरकी. 'हीच का ती?' म्हनली."

मी म्हटलं, "एरलीन, देवाशपथ, मी कुणाला काही सांगितलं नाही."

"तू न्हाई सांगितलंस. तू माज्या पोरीला सांगाया लावलंस."

लेकरं रात्री एकटी ठेवलीस तर दोघांना घेऊन जाऊ, असं बाईनं बजावलं आहे. एरलीननं रात्रपाळी सोडली. दिवसाची पाळी तिला देत नाहीत, तिथे आधीच रांग आहे. मी म्हटलं, मी काहीतरी करते. ती पीनटची टोपी नीट करत राहिली आणि मग बहिणीबरोबर निघून गेली.

मी टेप दिली ती पोरीला वाचवायला. हे मी शंभर जणांसमोर सांगेन. पण पिठाच्या डब्याशी ते यंत्र ठेवलं कुणी, असं कुणी विचारलं तर?

२ डिसेंबर, सोमवार

वोनेटा सकाळी कोट आणि डबा घेऊन खाली गेली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. म्हटलं, "घाबरू नकोस बाळ. मी वर आहेच."

"होय बाई," ती म्हणाली.

शाळेत तिच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द.

१० जानेवारी १९७५, शुक्रवार

महिनाभर इथे काही लिहिलं नाही. केस दुसरीकडे करून घेतले, त्या बाईनं टाळू भाजली.

आज हॅस्केटनी बोलावलं. खालच्या वर्गाला शिकवणारी बाई सोडून गेली. "त्या मुलांना समजून घेणारं कुणीतरी हवं," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय कोण?" माझ्या दुसरीच्या वर्गाला नवी बाई येते आहे, गोरी आहे. मी विचारलं, खालून आजवर कुणी वर आलं आहे का? ते म्हणाले, "तुमच्या हातून घडेल पहिल्यांदा." एप्रिलात फेरपरीक्षा घ्यायचं त्यांनी कबूल केलं.

खाली जाऊन आले. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग दिला आहे, बाहेरचं काही दिसत नाही. भिंतीपलीकडे बॉयलर घुरघुरत असतो. नऊ मुलं आहेत आणि नऊच्या नऊ बसमधली. मणी ओवत बसली होती. मी लेमुएलला म्हटलं, "काय रे, मामाचा ट्रक काय म्हणतो?" तो म्हणाला, "माहीत नाही, बाई." आणि पुन्हा मण्यात सुई घातली.

मी हो म्हटलं. घरी बसून हात चोळण्यापेक्षा हे बरं. ज्या चित्रांवर यांना नापास केलं, तीच चित्रं यांच्याकडून घोटून घेईन. गोष्टीबिष्टी नंतर. आधी यांना वर काढायचं.

१५ जानेवारी, बुधवार

जमतंय! तीन दिवस एकच धडा. चेंडू धरायचा, विचारायचं, "हे काय आहे?" कुणी नुसतं 'चेंडू' म्हणालं की, "नाही, नाही. पूर्ण वाक्यात." आज वोनेटा उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "हा चेंडू आहे, बाई." मग कप, मग घड्याळ, मग बूट. एकदाही अडली नाही. मिस थॉर्नली दारात उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला रडू आलं. एप्रिलात ही पोरगी वर जाणार. शनिवारी एरलीनकडे जाते. आता तोंड दाखवायला काहीतरी आहे.

१८ जानेवारी, शनिवार

एरलीननं फोनवर "या" म्हटलं होतं, म्हणून गेले. वोनेटाचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू येत होता, आणि बायकांचं "मंग? मंग?" मी हसतच जाळीचं दार उघडलं.

स्वयंपाकघर गप्प झालं.

कुणी कुणाला खूण केली नाही. वोनेटा अर्ध्या शब्दावर थांबली. टेबलापाशी बसलेल्या दोघी मांडीवर हात ठेवून खाली बघू लागल्या. मी मागे वळून पाहिलं. मिसेस डनलॅप आली की काय, असंच वाटलं मला. मागे कुणी नव्हतं.

"या पेटिफर्डबाई," एरलीन म्हणाली. "बसा."

मी बसले. डोक्याचा रुमाल काढून खुर्चीच्या पाठीला टाकला. एरलीननं केस विंचरले, तेल लावलं. "मान थोडी खाली करा, बाई. त्रास होत नाही ना?" फणी एकदाही कानाला लागली नाही. मी सगळी बातमी सांगितली. खालचा वर्ग आता माझ्याकडे आहे, वोनेटा शाळेत बोलायला लागली, सगळ्या वस्तू ओळखते, मिस थॉर्नलींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, एप्रिलात परीक्षा आहे.

"छान झालं, बाई," एरलीन म्हणाली.

नुसती फणीची चरचर ऐकू येत होती. मला ते असह्य झालं. वोनेटा समोर परातीत शेंगा सोलत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय करतेस गं वोनेटा?"

विचारलं आणि जीभ चावली.

ती उठून उभी राहिली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी शेंगा सोलते आहे, बाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

केस झाले. एरलीनचा हात आहे, छानच झाले. तिनं मला दारापर्यंत पोचवलं. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. कोटाची बटणं लावत मी पायरीवर उभी राहिले आणि डोक्याला हात लावला तेव्हा आठवलं, रुमाल आतच राहिला. सरळ केलेल्या केसांना पाणी लागलं की सगळी मेहनत वाया. मी दाराच्या मुठीला हात घातला.

आतून माझाच आवाज आला.

"हं, मुलांनो! हे काय आहे? शेंगा? नाही, नाही. पूर्ण वाक्यात." घसा साफ केला, अगदी मी करते तसा. "आपण हे कुणाच्या भल्यासाठी करतो आहोत? तुमच्या! आणि आता ही खुर्ची. वोनेटा, ही खुर्ची कुठे लावतात? सांग बाळ, घाबरू नकोस. मी आहे ना."

शाळेची भाषा, एका शब्दाची चूक नाही. मला स्वतःला कॉलेजात चार वर्षं लागली अशी बोलायला. बायका हसत होत्या. सगळ्यांत मोठ्यानं एरलीन हसत होती, कितीतरी दिवसांनी. पीनट हातांनी टेबल बडवत "परत! परत!" म्हणत होता.

मी मुठीवरचा हात काढला. रुमालासाठी परत आत गेले नाही. पाइन बॉटमपासून माझ्या घरापर्यंत भुरभुर थांबली नाही, आणि दार उघडून आरशासमोर उभी राहिले तेव्हा सगळे केस पुन्हा होते तसे झाले होते.

सोमवारी सकाळी आठला वोनेटा पहिल्या बाकावर बसलेली असेल, आणि चेंडू माझ्या हातात असेल.